श्वसनयंत्रावरील रुग्ण आणि श्वासनलिकेचा दाह

"डॉक्टरसाहेब, आमच्या माणसाला व्हेंटिलेटरवर टाकलंय. आता काही आशा आहे का?" कोविडच्या दोन लाटा येऊन गेल्यापासून हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. त्याच्या पाठोपाठ येतो दुसरा प्रश्न. "पेशंट विषबाधेचा होता, मग आता न्यूमोनिया कुठून झाला? दाखल केला तेव्हा छातीचा फोटो तर चांगला होता!" या दुसऱ्या प्रश्नात नातेवाईकांच्या मनातला संशय असतो, आणि त्यावरून रुग्णालयाच्या दारात भांडणेही होतात. म्हणून आजच्या लेखात श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या श्वासनलिकेला सूज का येते, ती कशी टाळतात आणि त्यात घरच्या मंडळींचा वाटा किती, हे पाहू.

श्वसनयंत्र काय करते?

व्हेंटिलेटर हे औषध नव्हे. ज्या आजाराने श्वास थांबतो आहे, तो आजार बरा होईपर्यंत रुग्णाच्या वतीने श्वास घेणारे ते एक यंत्र आहे. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुले दगावत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. अशा गंभीर रुग्णांत शंभरातले ऐंशीहून अधिक दगावत होते, ते प्रमाण काही महिन्यांत निम्म्याच्या खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली आहे.

आपल्या भागात हे यंत्र कोणाला लागते? पहिला मान शेतकऱ्याचा. कीटकनाशक पोटात गेलेला किंवा फवारताना अंगात भिनलेला रुग्ण. आपल्या माहूर-किनवटला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते अनेकांना आठवत असेल. ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या विषात एक फसवी गोष्ट असते. रुग्ण पहिल्या दिवशी सुधारतो, बोलतो, घरची माणसे निश्चिंत होतात. आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान त्याला उशीवरून मान उचलता येईनाशी होते, श्वासाचे स्नायू थकतात आणि यंत्र लावावे लागते. दुसरा रुग्ण मण्यार चावलेला. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत नाही, सूजही येत नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात. तिसरा गिया-बारे या आजाराचा. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात या आजाराचे दोनशेहून अधिक रुग्ण आढळले. बातम्यांत 'नांदेड' हे नाव वाचून आपल्याकडे काही जण घाबरले होते, पण ते पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतचे नांदेड गाव. त्यातल्या कित्येकांना यंत्र लागले आणि बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी गेले. याखेरीज अपघातात डोक्याला मार लागलेले, जबर न्यूमोनिया झालेले आणि अपुऱ्या दिवसांची बाळे.

यातल्या विषबाधा, मण्यार आणि गिया-बारे या तिन्हींत फुफ्फुसे मुळात चांगली असतात, बिघाड स्नायूंत किंवा नसांत असतो. योग्य वेळी यंत्र मिळाले तर यातले पुष्कळ रुग्ण आपल्या पायाने घरी जातात. तेव्हा "व्हेंटिलेटर म्हणजे शेवट" हा समज मनातून काढून टाका. पण त्याच वेळी हेही ध्यानात घ्या, की अशा रुग्णाला आता मूळ आजाराइतकाच धोका असतो तो श्वासनलिकेच्या दाहाचा.

नळीने दाह का होतो?

निसर्गाने आपले नाक उगाच दिलेले नाही. बाहेरची हवा थंड असो, मे महिन्यातली लातूरची झळ असो, की मळणीच्या धुळीने भरलेली असो. नाक आणि घसा ती गाळतात, शरीराच्या तापमानाला आणतात आणि ओलसर करून आत सोडतात. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला अगदी बारीक लव असते. ती सतत हलत राहून कफ आणि धूळ खालून वर घशाकडे लोटते. शेवटचा पहारेकरी म्हणजे खोकला.

तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली, की हे तिन्ही पहारे एकदम उठतात. नाक बाजूला पडते, लवेचे काम मंदावते आणि नळी स्वरयंत्रातून गेल्यामुळे जोरदार खोकला येत नाही. नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. यंत्राची हवा बाहेर निसटू नये म्हणून तो फुगवतात. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंचीइतका ठेवायचा असतो. त्याहून जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, तेथे जखम होते. कमी झाला तर वर साठलेली लाळ फुग्याच्या सुरकुत्यांतून खाली फुफ्फुसात झिरपते. लहान बाळात तर सुजेचा हिशेबच वेगळा. त्याची श्वासनलिका अरुंद भागी चार मिलिमीटर असेल आणि चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर व्यास निम्मा होतो, पण हवेची वाट पाव हिश्श्यावर येते.

आजारी माणसाच्या तोंडातले जंतू दोन-तीन दिवसांत बदलतात. रुग्णालयातले चिवट जंतू दातांवर, जिभेवर वस्तीला येतात. तेच लाळेबरोबर खाली उतरतात. नळीच्या आतल्या बाजूलाही जंतूंचा एक बुळबुळीत थर जमतो, रांजणाच्या आत शेवाळ धरावे तसा. त्या थरापर्यंत औषध नीट पोहोचत नाही. पोटातले अन्न उलटून वर आले तर त्यातल्या आम्लाने अस्तर भाजते. आणि यंत्रातून जाणारा प्राणवायू कोरडा असतो. तो नीट ओलसर केला नाही तर कफ वाळून त्याच्या खपल्या होतात आणि नळी तुंबते.

या सर्वांची प्रतिक्रिया म्हणून शरीर तेथे पांढऱ्या पेशी धाडते, अस्तर लाल होते, सुजते, कफ वाढतो. यालाच आपण दाह म्हणतो. तो श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या फांद्यांपुरता असेल, म्हणजे ताप आहे, कफ घट्ट-पिवळा झाला आहे, पण छातीच्या फोटोत नवा डाग नाही, तर तो श्वासनलिकादाह. जंतू खाली फुफ्फुसाच्या पेशींत उतरले, फोटोत डाग दिसला, प्राणवायूची गरज वाढली, तर तो न्यूमोनिया. नळी घातल्यानंतर ४८ तास उलटून गेल्यावर झालेला न्यूमोनिया यंत्राशी संबंधित मानतात. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या ११४ अतिदक्षता विभागांत मिळून सुमारे तीन हजार रुग्णांची पाहणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. यंत्रावरच्या शंभर रुग्णांत ११ जणांना श्वासनलिकादाह आणि १२ जणांना न्यूमोनिया झाल्याचे तीत आढळले. म्हणजे साधनसंपन्न रुग्णालयांतही हा त्रास होतो. तेव्हा न्यूमोनिया झाला एवढ्यावरून कोणीतरी हयगय केलीच, असे धरून चालू नये. मात्र तो टाळण्यासाठी काय चालले आहे, हे विचारण्याचा अधिकार नातेवाईकांना जरूर आहे.

यंत्राच्या दाबाचा त्रास

दाह केवळ जंतूंनीच होतो असे नाही. फुफ्फुस मुळात सुजलेले असताना त्यात जास्त हवा भरली, तर चांगल्या पेशी ताणल्या जाऊन तिथेही दाह सुरू होतो. पूर्वी मोठा श्वास द्यावा असा प्रघात होता. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो बदलला. रुग्णाच्या उंचीवरून जे योग्य वजन निघते, त्याच्या दर किलोला १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटरचा श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. साठ किलोच्या माणसाला प्रत्येक श्वास ७२० ऐवजी ३६० मिलिलिटर, एवढाच फरक! त्यासाठी नवे औषध लागले नाही.

कोविडमध्येही फुफ्फुसाचे बरेच नुकसान शरीराच्या स्वतःच्या दाहानेच झाले. २०२० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले, की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने यंत्रावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. पण ज्यांना प्राणवायूही लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा झाला नाही. तरीसुद्धा आपल्याकडे घरोघरी त्या गोळ्या खाल्ल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये मधुमेही रुग्णांत काळ्या बुरशीचे जे प्रकार घडले, त्यात या अतिवापराचा हात होता. दाह कमी करणारे औषध प्रतिकारशक्तीही कमी करते, हे विसरू नये.

टाळण्याचे उपाय

चांगले म्हणजे महागच असले पाहिजे असे नाही. सर्वांत साधा उपाय म्हणजे पलंगाचे डोके वर ठेवणे. १९९९ साली बार्सिलोना येथील ८६ रुग्णांच्या अभ्यासात, आडवे निजवलेल्या शंभरातल्या ३४ जणांत न्यूमोनियाची शंका आली. डोके ४५ अंश वर ठेवलेल्यांत हे प्रमाण अवघे ८ निघाले. पाठीच्या कण्याची इजा किंवा घसरलेला रक्तदाब अशी काही अडचण नसेल, तर आज ३० ते ४५ अंशांचा चढ ठेवतात.

दुसरा उपाय हात धुण्याचा. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर. तिसरा दात घासण्याचा. रुग्ण बेशुद्ध असला तरी सिस्टरने रोज मऊ ब्रशने त्याचे दात साफ करावेत. पूर्वी यासाठी क्लोरहेक्झिडिनच्या औषधी गुळण्यांवर भर होता, आता तज्ज्ञांचा कल त्याविरुद्ध आहे. साधा ब्रश मात्र टिकून आहे. चौथा उपाय, गुंगीचे औषध दिवसातून एकदा थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का ते पाहणे. शिकागोच्या १२८ रुग्णांच्या अभ्यासात (२०००) असे केल्याने यंत्रावरचा काळ साधारण सात दिवसांवरून पाच दिवसांवर आला. नळी जितकी लवकर निघेल तितका दाहाचा धोका कमी. याशिवाय फुग्याचा दाब मोजणे, वरची लाळ ओढून घेणे, कफ स्वच्छ हातांनी काढणे आणि हवा ओलसर ठेवणे, ही रोजची कामे आहेत.

ही सगळी कामे माणसांनी करायची असतात आणि मोठा भार सिस्टरवर असतो. यंत्रे विकत घेता येतात, पण एका सिस्टरकडे एक-दोन रुग्ण असतील तर ही कामे वेळेवर होतात, पाच-सहा असतील तर होत नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालके होती. त्या घटनेच्या सर्व कारणांत मी येथे शिरत नाही, पण रुग्णालयातल्या रिकाम्या जागांचा प्रश्न तेव्हा साऱ्या महाराष्ट्रासमोर आला. तो प्रश्न श्वसनयंत्राशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरचाही आहे.

आणखी एक गोष्ट. अॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्युडोमोनास हे आपल्या देशातल्या अतिदक्षता विभागांतले मुख्य जंतू, आणि ते बहुतेक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत. मग कॉलिस्टिनसारखे जुने, मूत्रपिंडाला त्रासदायक औषध काढावे लागते. याच औषधाचा कोंबड्यांच्या खाद्यात वापर होत असे. २०१९ साली सरकारने त्यावर बंदी घातली. सर्दी-पडशाला दुकानातून परस्पर घेतलेली, दोन दिवस खाऊन सोडलेली गोळी या जंतूंना शिकवून तयार करते. त्याची किंमत पुढे अतिदक्षता विभागातला एखादा रुग्ण मोजतो.

घरच्यांनी काय करावे?

१. दाहाची सुरुवात पुष्कळदा रुग्णालयाच्या आधी, घरात किंवा रस्त्यात होते. विष प्यालेल्या माणसाला मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. गुंगीत असलेल्या माणसाची उलटी थेट श्वासनलिकेत जाते, आणि औषधातल्या रॉकेलसारख्या द्रावणाने फुफ्फुस भाजते. साप चावलेल्याला विष पारखण्यासाठी कडुनिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देऊ नका, तूप-पाणी पाजू नका. मण्यारीच्या विषाने घसा लुळा पडलेला असतो. त्याला डाव्या कुशीवर निजवा, तोंडातला फेस पुसा आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवा.

२. यंत्रावरच्या रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नका. माझा रोख तीर्थाकडे आहे. गोदावरीचे पाणी, अंगारा, झमझमचे पाणी, गुरुद्वाऱ्यातले अमृत, यांच्यावरची श्रद्धा मी जाणतो. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडातला एक चमचा पाण्याचा शेवट फुफ्फुसात होतो. सिस्टरला विचारून ते कपाळाला लावा, श्रद्धा तेवढ्याने कमी होत नाही.

३. भेटायला एका वेळी एकानेच जावे, हात धुऊन. सर्दी-खोकला असलेल्याने जाऊ नये. रुग्णाशी नावाने बोला, दिवस कोणता, घरी कोण कसे आहे ते सांगा. गुंगीतही पुष्कळांना ऐकू येते.

४. डॉक्टरांना चार प्रश्न नम्रपणे विचारा. पलंगाचे डोके वर आहे का? आज गुंगी थांबवून पाहिली का? कफाची तपासणी पाठवली का? नळी कधी निघेल असे वाटते?

५. गळ्याला छिद्र करण्याची संमती मागितली तर घाबरून नकार देऊ नका. आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त यंत्र लागणार असेल तर बऱ्याचदा तसे करतात. त्याने तोंडाची स्वच्छता सोपी होते, गुंगी कमी लागते. बहुतेकांचे छिद्र पुढे बुजते आणि आवाज परत येतो.

६. खर्चासाठी शेत विकण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का ते विचारा. ही योजना राजीव गांधी यांच्या नावाने २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यात आपला नांदेड होता. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय ही आपली मोठी सरकारी ठिकाणे आहेत.

घरी आल्यावर

नळी निघाल्यावर काही दिवस घसा दुखणे, आवाज बसणे, गिळताना ठसका लागणे हे साहजिक आहे. सुरुवातीला पातळ पाण्यापेक्षा मऊ भात, पेज सावकाश, बसून द्यावी. तंबाखू आणि बिडी कायमची बंद. बहुतेकांचे अस्तर काही आठवड्यांत भरून येते.

पण काही जणांत जिथे फुगा टेकला होता, तिथली जखम भरताना आवळते आणि श्वासनलिका अरुंद होते. हे नळी निघाल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा जाणवते. कंधारकडचा एक तरुण शेतकरी माझ्याकडे "दमा" म्हणून आला. घरात कुणाला दमा नाही, त्यालाही पूर्वी कधी नव्हता. दीड महिन्यापूर्वी विषबाधेने बारा दिवस यंत्रावर होता. पंप ओढून काही उपयोग नव्हता. दम्याची शिट्टी बहुधा श्वास सोडताना आणि छातीत ऐकू येते. याची घरघर श्वास आत घेताना येत होती आणि गळ्याशी सर्वांत मोठी होती. त्याला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवले. दुर्बिणीतून पाहता श्वासनलिका पेन्सिलीएवढी उरलेली आढळली. ती रुंद करण्यात आली, पुढे शस्त्रक्रियाही झाली. आज तो बैलजोडी हाकतो. आणखी आठवडाभर तो पंप ओढत बसला असता, तर साध्या सर्दीच्या कफानेही ती वाट बंद झाली असती.

म्हणून रुग्णालयातून सुटी होताना मिळालेला कागद जपून ठेवा. त्यावर किती दिवस यंत्र होते आणि गळ्याला छिद्र होते का, हे लिहून घ्या. पुढे सहा महिने कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी तापासाठी गेलात, तरी तो कागद आधी दाखवा. श्वास घेताना घरघर वाढत असेल, चार पावले चालून दम लागत असेल, आवाज बसलेलाच राहत असेल, तर दम्याचा पंप वाढवत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आणि तेव्हा त्या माणसाला एकट्याला बसने पाठवू नका, सोबत कोणीतरी जा.